लिंकन, वॉशिंग्टन की रुझवेल्ट? खान्देशातून आलेले प्रश्न

मागच्या अंकात एका वाचकाने विचारलं होतं की अमेरिकेचा सगळ्यात मोठा राष्ट्राध्यक्ष कोण, आणि मी दोन ओळीत लिंकनचं नाव लिहून मोकळा झालो होतो, जागाच तेवढी होती. पण ते बऱ्याच जणांना पचलं नाही, अमळनेरपासून धडगावपर्यंत पत्रं आणि व्हॉट्सॲप आले, काहींनी तर माझीच शाळा घेतली. म्हणून यावेळचं सगळं सदर याच वादाला. आधीच सांगून ठेवतो, माझं माप एकच आहे: माणूस खुर्चीवरून उठून गेल्यावर मागे काय टिकलं, जे नंतरच्याला सहज पुसता आलं नाही. भाषण किती भारी ठोकलं, दिसायला कसा होता, भारतात येऊन हात हलवून गेला का, याला मी मार्क देत नाही.

प्रश्न (अमळनेर, निवृत्त इतिहास शिक्षक): ज्याने देश उभा केला आणि सत्ता आपणहून सोडली त्या वॉशिंग्टनला तुम्ही डावललंत. लिंकन त्याच्यापेक्षा मोठा कसा?

सर, नमस्कार. डावललं नाही, दुसऱ्या नंबरवर ठेवलंय. तुमचा मुद्दा वजनदार आहे हे मान्यच. १७८३ च्या डिसेंबरमध्ये इंग्रजांविरुद्धची स्वातंत्र्याची लढाई जिंकलेला सेनापती ॲनापोलिसला काँग्रेससमोर, म्हणजे तिकडच्या संसदेसमोर, जातो, राजीनामा ठेवतो आणि घरी शेती बघायला निघून जातो, हातात फौज असताना. पुढे १७८९ मध्ये राष्ट्राध्यक्ष झाला, दोन्ही वेळेस इलेक्टर लोकांनी, म्हणजे राष्ट्राध्यक्ष निवडणाऱ्या प्रतिनिधींनी, एकमताने निवडला, आणि दोन टर्म झाल्यावर १७९७ मध्ये परत घरी. दोनच टर्म करायच्या असं तेव्हा घटनेत कुठेच नव्हतं, पण जवळजवळ दीडशे वर्षं ती रीत टिकली, फ्रँकलिन रुझवेल्टने १९४० मध्ये मोडली, तर १९५१ मध्ये त्यांनी बाविसावी दुरुस्ती करून ती घटनेतच लिहून टाकली. आपल्याकडे विकास सोसायटीच्या चेअरमनची खुर्ची सुटत नाही हो सर, त्यामुळे याची किंमत आपल्याला जास्त कळते. माझ्या मापाने इथे पैकीच्या पैकी.

पण दुसरी बाजू पण बघा. माउंट व्हर्ननच्या त्याच्या इस्टेटीवर तो वारला तेव्हा तीनशेहून जास्त गुलाम होते. त्यातले स्वतःच्या मालकीचे १२३ जण त्याने मृत्युपत्रात मोकळे केले, तेही बायकोच्या पश्चात. राष्ट्राध्यक्ष असताना राजधानी फिलाडेल्फियाला होती आणि पेनसिल्व्हेनियाचा कायदा असा की बाहेरून आलेल्याने गुलाम सहा महिन्यांपेक्षा जास्त ठेवला तर तो मोकळा, मग हा माणूस मुदत भरायच्या आत त्यांना राज्याबाहेर पाठवून परत आणायचा. पळालेले गुलाम पकडून द्यायचा १७९३ चा कायदा, त्यावर सही त्याचीच. ओना जज नावाची घरातलीच एक मुलगी १७९६ मध्ये पळाली तर तिला परत आणायला माणसं लावली, ती सापडून पण परत आली नाही ते वेगळं. तुम्ही म्हणाल त्या काळाच्या मापाने मोजा. मोजतो ना, पेनसिल्व्हेनियाने गुलामगिरी हळूहळू बंद करायचा कायदा १७८० मध्येच केला होता, म्हणजे हे चुकीचं आहे हे कळणारे लोक त्या काळातही होते आणि हा त्यांच्यातच राहत होता. देश त्याने उभा केला खरा, पण हे दुखणं आत तसंच ठेवून, आणि ते काढायला पुढे उत्तर-दक्षिण यादवी युद्धात सहा लाखांहून जास्त माणसं मेली. ते काम ज्याच्या वाट्याला आलं तो एक नंबर.

प्रश्न (धरणगाव, कापूस उत्पादक): नाना, आमना आजा सांगे, अमेरिकामा लढाई व्हयनी नि आठे कापूसनं सोनं व्हयनं. हे खरं का? आणि खरं असेल तर लिंकन आपल्यासाठी पण मोठाच म्हणायचा का?

खरं आहे दादा, शंभर टक्के. आणि हा प्रश्न खान्देशातूनच यायला पाहिजे होता.

झालं असं की १८६१ पर्यंत इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना लागणारा तीन चतुर्थांशाहून जास्त कापूस अमेरिकेच्या दक्षिणेतून जायचा, आणि तो पिकवायचे गुलाम. एप्रिल १८६१ मध्ये उत्तर आणि दक्षिण राज्यांत लढाई पेटली आणि लिंकनने दक्षिणेच्या बंदरांची नाकेबंदी जाहीर केली, बोटी अडवल्या. गिरण्या उपाशी. मग इंग्रज व्यापाऱ्यांना आपला कापूस आठवला, जो ते एरवी नाक मुरडून घ्यायचे, कारण धागा आखूड आणि त्यात कचरा. या सगळ्या पट्ट्याच्या मालाला तिकडे सरसकट ‘सुरत’ म्हणायचे आणि तिकडचे विणकर त्या नावाने शिव्या घालायचे. पण पर्याय नव्हता. भाव कुठल्या कुठे गेले, त्याच वर्षांत जी.आय.पी. रेल्वेचे (आजची मध्य रेल्वे) रूळ खान्देशात येत होते, त्यामुळे माल मुंबईला पोचवणं सोपं होत गेलं. मुंबईत तर पैशाचा पूर आला, समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या बॅक बे भराव कंपनीचे शेअर वेड्यासारखे चढले, कापसाचा व्यापारी प्रेमचंद रायचंद राजा झाला, विद्यापीठाचा राजाबाई टॉवर त्याच्याच पैशातून, आईच्या नावाने.

आता गंमत ऐका. भाव चढले तसं कापसात सरकी, माती, पाणी, काय वाट्टेल ते भरायला लागले, इतकं की मुंबई सरकारला १८६३ मध्ये कापसातल्या भेसळीविरुद्ध वेगळा कायदाच करावा लागला. म्हणजे ओलावा दाखवून कट्टी (वजनातली कपात) कापायची जी पद्धत आज खेडा खरेदीत, व्यापारी गावात येऊन माल घेतो तिथे, चालते त्याच्या भांडणाला दीडशे वर्षांचा इतिहास आहे बरं का.

आणि १८६५ मध्ये लढाई संपली, भाव धाडकन खाली, मुंबईत शेअर बुडाले, बँका बुडाल्या. शेतकऱ्याने तेजीत सावकाराकडून जास्त कर्ज उचललं होतं, ते मात्र जागेवरच. पुढे दहा वर्षांनी पुणे आणि नगर भागात सावकारांच्या वह्या जाळल्या गेल्या, १८७५ चे दख्खनचे दंगे, त्याच्या अनेक कारणांत हे पण एक कारण धरतात. तर लिंकनला खान्देश नावाचा मुलूख आहे हे माहीत असण्याचं काही कारण नाही, आणि आपल्या चार वर्षांच्या तेजीला मी त्याचं पुण्य धरत नाही आणि मंदीला पाप पण धरत नाही.

पण एक गोष्ट यातली मला फार आवडते. कापूस बंद झाल्याने लँकेशायरचे कामगार खरंच उपाशी होते, आणि तरी मँचेस्टरच्या कामगारांनी १८६२ च्या शेवटच्या दिवशी सभा घेऊन लिंकनला पत्र धाडलं की आम्ही तुमच्या बाजूने आहोत, गुलामगिरी संपवा. लिंकनने जानेवारी १८६३ मध्ये त्यांना उत्तर पाठवलं. पोटावर पाय येऊन असं लिहिणारे लोक, त्यांच्यापुढे राष्ट्राध्यक्ष वगैरे जरा लहानच दिसतात.

शेतीपुरतं म्हणाल तर लिंकनचं दुसरंच एक काम बघा. १८६२ मध्ये, ऐन लढाईत, त्याने कृषी खातं काढलं, आणि राज्यांना जमिनी देऊन त्या पैशातून शेतकी कॉलेजं काढायच्या कायद्यावर सही केली. आपली राहुरीसारखी कृषी विद्यापीठं स्वातंत्र्यानंतर साधारण त्याच धर्तीवर निघाली. हे टिकलं.

प्रश्न (चोपडा, एमपीएससी करणारी विद्यार्थिनी): सर, हे नंबर ठरवतं कोण? परीक्षेत आलं तर काय लिहू?

परीक्षेत सहसा येत नाही, काळजी करू नको. पण माहिती म्हणून ठेव: १९४८ मध्ये आर्थर श्लेसिंगर या इतिहासकाराने ५५ अभ्यासकांना विचारून पहिली गाजलेली यादी केली, त्यात लिंकन, वॉशिंग्टन, फ्रँकलिन रुझवेल्ट असा क्रम होता. सी-स्पॅन या चॅनलने २०००, २००९, २०१७ आणि २०२१ मध्ये इतिहासकारांकडून दहा निकषांवर मार्क घेतले, चारही वेळा लिंकन पहिला, आणि हेच तिघे वरती. तळाला बहुतेक वेळा जेम्स ब्यूकॅनन, लिंकनच्या आधीचा, जो देश फुटत असताना बघत बसला.

वरचे तीन हलत नाहीत पण मधले फार हलतात, खरी मजा तिथेच आहे. लिंकनचा सेनापती आणि पुढे राष्ट्राध्यक्ष झालेला ग्रँट २००० मध्ये ३३ वा होता तो २०२१ मध्ये २० वा, कारण त्याने कू क्लक्स क्लान ही काळ्यांवर हल्ले करणारी गोऱ्यांची टोळी मोडायला कायदे केले, फौज पाठवली, हे लोकांनी नव्याने बघितलं. वुड्रो विल्सन सहावरून तेरावर घसरला, सरकारी ऑफिसात काळ्यांना वेगळं बसवायला त्याच्या काळात सुरुवात झाली म्हणून. आणि ट्रूमन घरी गेला तेव्हा त्याला कोणी विचारत नव्हतं, आज पहिल्या दहात आहे. त्यामुळे सध्या खुर्चीवर असलेल्यांबद्दल ज्यांनी ज्यांनी विचारलंय त्यांना इथेच उत्तर देऊन टाकतो, अजून मार्क द्यायची वेळ झालेली नाही.

प्रश्न (धडगाव, आश्रमशाळेतले शिक्षक): तुमच्या लिंकनने एकाच दिवशी ३८ आदिवासींना फाशी दिली. सातपुड्यातून बघितल्यावर तो महान कसा दिसेल, सांगा.

सर, सगळ्या पत्रांत हे पत्र सगळ्यात जड आहे, आणि याला पटकन उत्तर नाही.

घटना खरी आहे. मिनेसोटात डकोटा लोकांच्या जमिनी करार करून घेतल्या, बदल्यात दरवर्षी पैसे द्यायचे ठरले. १८६२ मध्ये ते पैसे वेळेवर आलेच नाहीत, त्यात पीक गेलेलं, आणि सरकारी ठेकेदार व्यापारी उधार धान्य द्यायला तयार नाहीत, एक जण तर म्हणाला की भूक लागली तर गवत खा. खावटी कर्जासाठी हेलपाटे घातलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मग उठाव झाला, त्यात शेकडो गोरे वस्तीवाले मारले गेले, त्यात बायका-पोरं पण होती. नंतर लष्करी कोर्टाने काही काही खटले तर काही मिनिटांत उरकून ३०३ जणांना फाशी सुनावली. लिंकनने ते कागद स्वतः मागवले, वकिलांना बसवून एकेक केस बघितली, आणि बहुतेकांची फाशी थांबवली. ३८ जणांना २६ डिसेंबर १८६२ ला मँकाटोला फाशी झाली. अमेरिकेच्या इतिहासात एका वेळेला इतक्या लोकांना सरकारने फासावर कधीच दिलेलं नाही.

लिंकनचे भक्त म्हणतात त्याने अडीचशेवर जीव वाचवले, आणि गोऱ्या मतदारांचा राग ओढवून घेऊन वाचवले, हे पण खरं. पण त्या कोर्टात कोणाला वकील नव्हता, आणि ३८ च्या कागदांवर सही त्याचीच आहे. शिवाय त्याच वर्षीचा होमस्टेड कायदा, १६० एकर जमीन जो कसेल त्याची, ऐकायला किती छान, पण जमीन कोणाची होती? १८६४ मध्ये नवाहो लोकांना शेकडो मैल चालवत हाकललं तेव्हा पण वॉशिंग्टनमध्ये हाच बसलेला होता. मूळ रहिवाशांच्या बाबतीत लिंकन बाकीच्यांपेक्षा वेगळा नव्हता, आणि ‘बाकीचे’ म्हणजे अँड्र्यू जॅक्सनसारखे, ज्याने १८३० मध्ये हकालपट्टीचा कायदाच केला आणि ज्याचं चित्र वीस डॉलरच्या नोटेवर अजून आहे. या सगळ्या लोकांना सरसकट नागरिकत्व मिळालं १९२४ मध्ये, कूलिजच्या सहीने, ज्याचं नाव महान लोकांच्या यादीत कोणी घेत नाही.

तर सातपुड्यातून तो महान दिसायलाच पाहिजे असं मी म्हणणार नाही. माझा एक नंबर गुलामगिरीच्या हिशोबावर आहे, जमिनीच्या हिशोबावर लावला तर मला त्या यादीत एक नंबरला बसवायला कोणीच सापडत नाही. तुमच्या वर्गात हा खटला मुलांना द्या, निकाल त्यांना लिहू द्या, आणि जमलं तर मला पाठवा.

प्रश्न (धुळे, चळवळीतला कार्यकर्ता): गुलाम लिंकनने सोडवले हेच मुळात अर्धसत्य नाही का?

आहे, भाऊ. १ जानेवारी १८६३ चा गुलाममुक्तीचा जाहीरनामा फक्त बंडखोर राज्यांना लागू होता, लिंकनच्या बाजूने राहिलेल्या केंटकी, मेरीलँडसारख्या राज्यांतले गुलाम तसेच गुलाम. शिवाय तो लढाईतला हुकूम, लढाई संपल्यावर कोर्ट काय म्हणेल याची खात्री नाही. आणि ऑगस्ट १८६२ पर्यंत हाच माणूस काळ्या पुढाऱ्यांना बोलावून सांगत होता की तुम्ही देश सोडून दुसरीकडे वस्ती करा. वाचून अंगावर येतं. तिकडे जाहीरनाम्याची वाट न बघता गुलाम स्वतःच पळून उत्तरेच्या छावण्यांत येत होते, पुढे पावणेदोन लाखांच्या वर काळे सैनिक लढले.

म्हणूनच मी जाहीरनाम्याला नाही, गुलामगिरी बंद करणाऱ्या घटनेच्या तेराव्या दुरुस्तीला मार्क देतो. १८६४ च्या निवडणुकीनंतर तो थांबू शकला असता, नवीन काँग्रेस त्याच्याच बाजूची येणार होती, पण नाही, जुन्याच सभागृहात विरोधी पक्षाचे लोक फोडून, कोणाला नोकरी, कोणाला शब्द, असं करून ३१ जानेवारी १८६५ ला ११९ विरुद्ध ५६ ने ती पास करून घेतली, दोन तृतीयांश जेमतेम जमले. राजकारण केलं, चक्क केलं. पण चाळीस लाख माणसांची मालकी घटनेतूनच उखडली, त्यानंतर कुठल्याही राष्ट्राध्यक्षाला एका सहीने ती परत आणता येणार नव्हती. आणि ११ एप्रिलच्या भाषणात तो म्हणाला की निदान शिकलेल्या आणि लढलेल्या काळ्यांना मत द्यावं, ते ऐकायला गर्दीत जॉन विल्क्स बूथ नावाचा दक्षिणेच्या बाजूचा एक नट उभा होता, तीन दिवसांनी त्यानेच लिंकनला गोळी घातली. तीन वर्षांपूर्वी देश सोडा म्हणणारा माणूस इथपर्यंत आला, हे चालत येणं मला मोठं वाटतं.

आणि महात्मा फुल्यांनी १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ कोणाला अर्पण केलं? अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना. राष्ट्राध्यक्षाला नाही. जोतिरावांना बरोबर कळलं होतं.

प्रश्न (यावल, केळी उत्पादक): शेतकऱ्याच्या दृष्टीने फ्रँकलिन रुझवेल्टच पहिला यायला पाहिजे.

शेतकऱ्याच्या दृष्टीने येतोच, मी पण यावलला असतो तर त्यालाच मत दिलं असतं. १९३३ मध्ये तो आला तेव्हा चारातला एक कामगार बेकार, बँका पटापट बंद पडतायत, कापूस-गहू मातीमोल. त्याने पहिल्याच वर्षी शेतकऱ्याला पैसे देऊन उभा कापूस नांगरून टाकायला लावला, जवळपास एक कोटी एकर, म्हणजे माल कमी होऊन भाव चढावा. तारणावर कर्ज आणि आधारभाव सुरू केला. तेव्हा तिकडे दहा शेतांमागे एकावर वीज होती, सहकारी संस्थांना कर्ज देऊन त्याने वायर ओढायला लावली, आणि रात्री दोनला थ्री फेज येते तशी नाही, खरी वीज. १९३५ ची सोशल सिक्युरिटी, म्हातारपणाची पेन्शन, आज पण चालू आहे, कोणाची हात लावायची हिंमत होत नाही. माझ्या मापात हे भरपूर बसतं.

मग तिसरा का? एक तर नांगरण्याचे पैसे जमीनमालकाला मिळाले, वाट्याने करणारे, त्यात काळे फार, त्यांना हाकलून दिलं. पेन्शनमधून सुरुवातीला शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या बायका वगळल्या होत्या. आणि १९४२ मध्ये, जपानशी युद्ध चालू असताना, एका आदेशाने सुमारे १ लाख २० हजार जपानी वंशाच्या लोकांना काट्याच्या तारेत डांबलं, दोन तृतीयांश तर अमेरिकेचेच नागरिक. घाबरलेल्या देशात असं होतं, पण सही करणारा घाबरट नव्हता, म्हणून जास्त लागतं.

प्रश्न (भुसावळ, रेल्वेतून रिटायर): केनेडी कुठे गेला तुमच्या यादीत?

काका, ऑक्टोबर १९६२ मध्ये रशियाने क्युबात ठेवलेल्या क्षेपणास्त्रांवरून जग पेटलं नाही, याचे त्याला पूर्ण मार्क. बाकी तीन वर्षं पण मिळाली नाहीत हो, आणि त्याचं नागरी हक्कांचं बिल पास केलं ते त्याच्यामागून आलेल्या जॉन्सनने.

प्रश्न (जळगाव, गृहिणी): माझा मुलगा-सून न्यू जर्सीला असतात. आपल्या पोरांना तिकडे दार कोणी उघडलं?

ताई, त्याच लिंडन जॉन्सनने. १९४६ पासून भारताचा कोटा होता वर्षाला फक्त शंभर माणसं, आख्ख्या देशाला शंभर! ३ ऑक्टोबर १९६५ ला त्याने स्वातंत्र्यदेवीच्या पुतळ्याखाली बसून जुनी कोटा पद्धत मोडणाऱ्या कायद्यावर सही केली, तिथून आपले डॉक्टर, इंजिनिअर जायला लागले. आदल्या वर्षी नागरी हक्कांचा कायदा, त्या ऑगस्टमध्ये मतदानाचा हक्क, म्हाताऱ्यांना मेडिकेअर, म्हणजे सरकारी आरोग्य विमा. दोन वर्षांत इतकं काम लिंकननंतर त्यानेच केलं असं माझं मत. पण व्हिएतनामला पाच लाखांवर पोरं पाठवली, आणि आपल्याकडे १९६५-६६ चा दुष्काळ असताना गव्हाच्या बोटी एकदम न देता मोजून-मापून सोडल्या, आपण व्हिएतनामवर बोलतो म्हणून. त्या रेशनच्या लाल गव्हाची पोळी तुमच्या सासूबाईंना विचारा. एवढं करून माणूस मला महान वाटतो, फक्त आवडत नाही.

प्रश्न (शिरपूर): भारतासाठी सगळ्यात वाईट कोण?

निक्सन. डिसेंबर १९७१ मध्ये बांगलादेशच्या लढाईत पाकिस्तानच्या बाजूने बंगालच्या उपसागरात अमेरिकेचं सातवं आरमार पाठवलं. यावर वादच नको.

प्रश्न (पारोळा, पालक): लिंकनने हेडमास्तरांना लिहिलेलं पत्र आमच्या शाळेच्या भिंतीवर आहे. त्या एका पत्रासाठी तो मोठा नाही का?

पत्र सुंदर आहे, भिंतीवर राहू द्या, पण लिंकनच्या कागदपत्रांत असं पत्र कुठेच सापडत नाही. त्याची स्वतःची शाळा सगळी मिळून वर्षभर पण झाली नव्हती. मुलांना खरंच त्याचं काही द्यायचं असेल तर १८६३ चं गेटिसबर्गचं भाषण द्या, दोन-तीन मिनिटांत वाचून होतं.

प्रश्न (चाळीसगाव): नाना, स्टँडजवळ पैज लागलीय. मी म्हणतो लिंकन, मित्र म्हणतो रुझवेल्ट. शेवभाजी कोणी द्यायची?

भो, आधी त्याला विचार कोणता रुझवेल्ट. दोन झालेत, थिओडोर १९०१ ते १९०९ आणि फ्रँकलिन १९३३ ते १९४५, लांबचे चुलतभाऊ. त्याला हे माहीतच नसेल तर शेवभाजी त्याच्याकडून, जास्तीच्या भाकरीसकट. फ्रँकलिन म्हणाला तर वरचं यावलचं उत्तर वाचून दाखव आणि तरीही शेवभाजी त्याच्याकडून. थिओडोर म्हणाला तर मात्र माणूस वाचलेला आहे, मोठ्या कंपन्यांची मक्तेदारी मोडली, जंगलं राखली, त्याच्यावर वेगळं लिहावं लागेल, तोवर बिल अर्धं-अर्धं करा.